आधी कोणाचे पैसे द्यायचे? घरातला मृत्यू, पडलेला कांदा आणि तीन कर्जं एकदम अंगावर आली तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुका, चार एकर बागायत. वडील (वय ५३) एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराने गेले. मागे आई, विवाहित बहीण, प्रश्नकर्ता आणि त्याची बायको. वडिलांच्या नावावर गावच्या सहकारी सोसायटीचं रब्बीचं पीककर्ज २,४०,००० रुपये. पतसंस्थेचं घर तारण ठेवून घेतलेलं ६,००,०००, व्याज १४ टक्के, तीन हप्ते थकलेले, जामीनदार चुलते आणि एक शेजारी. गावातल्या एका माणसाकडून ३,००,००० रुपये महिना तीन रुपये शेकड्याने. त्याच्याकडे वडिलांच्या सहीचे दोन कोरे चेक आणि एक कोरा स्टॅम्प पेपर आहे, आणि वीस महिने दरमहा ९,००० व्याज गेलं आहे. कांदाचाळीत २८० क्विंटल उन्हाळ कांदा, आजचा सरासरी भाव हजाराच्या आसपास. आधी विकलेल्या रांगड्या कांद्याचे १,१०,००० रुपये एका व्यापाऱ्याकडे अडकले. प्रश्नकर्त्याच्या नावचा त्याचा चेक २९ एप्रिलला परत आला. गावातला माणूस रोज दारात येतो. कांदा विकू की ठेवू, आणि आधी कोणाचे देऊ?

तुम्ही कर्जांची यादी ज्या क्रमाने केली आहे, तो क्रम कोण किती ओरडतो याचा आहे. पहिला गावातला माणूस, मग पतसंस्था, शेवटी सोसायटी, कारण गटसचिव (सोसायटीचा सचिव) दारात येऊन शिव्या देत नाही. पैसे याच क्रमाने गेले तर दिवाळीला चाळ रिकामी, पीककर्ज थकीत आणि सावकाराचं मुद्दल जसंच्या तसं, अशी गत होते. क्रम दोनच गोष्टींवर लावा: कायद्याने कोण तुमचं काय नेऊ शकतो, आणि कोणत्या तारखेला.

सगळ्यात जवळची तारीख देण्याची नाही, घेण्याची आहे. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला मागणीची नोटीस गेली पाहिजे. २९ एप्रिलला मेमो मिळाला असेल तर २८ मेच्या आत ती पोस्टात पडलीच पाहिजे, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. नोटिशीत चेक नंबर, तारीख, बँक, परत येण्याचं कारण आणि चेकवरची नेमकी रक्कम. इथे फार लोक घसरतात: व्याज, गाडीभाडं, मनस्ताप असं सगळं जोडून दीड लाख मागतात. मागणी चेकच्या रकमेचीच हवी, आकडा चुकला तर तेवढ्यावर फिर्याद पडू शकते. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर तुम्हाला न्यायालयात जायला एक महिना. ‘पुढच्या सोमवारी देतो’ यावर ३० दिवस गेले की हे हत्यार बोथट झालं. मग राहतो दिवाणी दावा, तो वर्षानुवर्षं चालतो. माल बाजार समितीत लिलावाने गेला असेल तर हिशोबपट्टी (विक्रीची पावती) जोडून समितीच्या सचिवाकडेही लेखी तक्रार द्या. परवानाधारकाला परवान्याची भीती असते. शिवारात बांधावरच माल दिला असेल तर हा दुसरा दरवाजा बंद असतो.

त्याच दिवशी वडिलांची सगळी पासबुकं भरून आणा आणि गेल्या मे-जूनच्या पानावर दोन आकडे शोधा: ४३६ आणि २०. ४३६ ची कपात असेल तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख रुपये मिळतात. त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणजे एप्रिलमधला मृत्यू गेल्या वर्षीच्या कपातीत बसतो. २० रुपयांचा विमा अपघाताचा, तो इथे लागणार नाही. पतसंस्थेने कर्ज देताना ‘कर्ज सुरक्षा’ किंवा तत्सम नावाने काही रक्कम कापली होती का, तेही कर्जाच्या पहिल्या खातेउताऱ्यावर बघा. कापली असेल तर विम्याचा दावा करायला लावणं हे तुमचं काम, आपणहून कोणी सांगत नाही. वडिलांच्या एटीएम कार्डाने पैसे काढत राहू नका. मृत्यूचा दाखला देऊन बँकेला कळवा. त्याचा दुसरा फायदा पुढे येईल.

आता वारस नोंद. हे काम ‘वर्षश्राद्ध होऊ दे’ म्हणून मागे पडतं आणि बाकी सगळं त्याच्यावर अडून बसतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, सातबारा आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी). ऑनलाइन ई-हक्कनेही होतो. फेरफार धरला की १५ दिवसांची नोटीस लागते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आज अर्ज दिला तर जूनच्या मध्यापर्यंत नोंद पदरात पडते. बहिणीचं नाव लागणारच, ते चुकवू नका. रामकुंडावरच्या दशक्रियेच्या गडबडीत तिच्याकडून साध्या कागदावर सही घेऊन ठेवण्याला काहीही अर्थ नाही. हक्कसोड नोंदणीकृतच लागते, आणि ती तिने मनाने द्यायची असते.

सोसायटी

रब्बीच्या पीककर्जाची मुदत ३० जूनला संपते. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. तीन कर्जांपैकी हे सगळ्यात स्वस्त, मग ते आधी का भरायचं? कारण भरल्यावर पुन्हा उभं राहणारं हे एकच कर्ज आहे. पतसंस्थेला आणि सावकाराला दिलेला रुपया परत येत नाही.

पण इथेच खड्डा आहे. दरवर्षीचं नवं-जुनं वडिलांच्या सहीने व्हायचं. आठ दिवसांसाठी कुठून तरी हातउसने आणायचे, भरायचे आणि नवं उचलून परत करायचे. आता कर्जदार सभासद मयत आहे. घाईने २,४०,००० भरून मोकळे झालात तर जुनं खातं बंद होईल, पण नवं कर्ज तुमच्या नावावर निघणार नाही. त्याला आधी वारस नोंद लागते, मग सभासदत्व आणि शेअर वर्ग व्हावे लागतात, मग इकरार (कर्जाचा करार) आणि सातबाऱ्यावर बोजा, मग मंजुरी. हातउसन्याचे आठ दिवस तीन महिने होतात आणि तेवढ्यात तीन रुपये शेकड्याचं आणखी एक कर्ज घरात शिरतं. म्हणून गटसचिवाकडे आजच अर्ज द्या, पोच घ्या आणि मंजुरी कधी, किती हे त्याच्याकडून लिहून घ्या. मंजुरी दिसत असेल तरच भरायची रक्कम जुळवा. तेवढ्या आठ-पंधरा दिवसांसाठी बँकेत आईचं सोनं ठेवणं परवडतं. मंजुरी दिसत नसेल तर ३० जूनला होईल तेवढा भरणा करा आणि नोंद मंजूर झाल्यावर उरलेलं. सवलत जाईल, पण रोख हातात राहील. थकलं तरी जमीन लगेच जाते असं नाही: अल्पमुदत पिकाचं कर्ज अनुत्पादित (एनपीए) धरायला दोन पीकहंगाम थकावं लागतं.

कर्जमाफीची वाट बघून भरणा थांबवू का, हा न विचारलेला प्रश्नही यात असतोच. २०१७ च्या योजनेत दीड लाखांची मर्यादा होती. २०१९ च्या योजनेत दोन लाखांची, आणि थकबाकी ३० सप्टेंबर २०१९ ची धरली. म्हणजे अटीची तारीख घोषणेच्या मागची असते, ती आधी ताडता येत नाही. पतसंस्था, सोनेतारण आणि गावातला सावकार या योजनांत नव्हतेच. तुमच्या ११,४०,००० मधले नऊ लाख कुठल्याच माफीत बसत नाहीत.

गावातला माणूस

याचं ओरडणं सगळ्यात मोठं आणि कायद्याचा हात सगळ्यात आखूड. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना नसलेल्याला न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देत नाही. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून वर्षाला तारणी कर्जावर ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तुमचे वडील ३६ टक्के देत होते.

एक हिशोब कागदावर मांडा. वीस महिन्यांत गेले १,८०,००० रुपये. १२ टक्क्यांनी तीन लाखांचं वीस महिन्यांचं व्याज ६०,०००. उरलेले १,२०,००० मुद्दलात धरले तर बाकी राहते १,८०,०००. गावात चार माणसांसमोर बसाल तेव्हा बोलणं या आकड्यापासून सुरू होऊ द्या, तीन लाखांपासून नाही. व्याज फोनवरून गेलं असेल तर त्या नोंदी, रोख दिलं असेल तर वडिलांची वही. वही जपा, मूळ कोणाच्या हातात देऊ नका.

कोऱ्या चेकची भीती वाटते तेवढी खरी नाही. खातेदार मयत झाल्याचं बँकेला कळलं की त्या खात्यावरचा चेक वटत नाही, आणि चेक न वटल्याची फौजदारी जबाबदारी वारसांवर येत नाही. खरा धोका वेगळा आहे. तो म्हणेल, ‘वडिलांचं जाऊ दे, तू फक्त नवीन चेक आणि कागद दे, मी थांबतो.’ तो नवा कागद दिलात की मेलेल्या माणसाचं कर्ज जिवंत माणसाचं झालं. वारस म्हणून तुम्ही वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरते बांधील आहात. सही केलीत की स्वतःच्या कमाईसकट. याहून वाईट म्हणजे ‘नुसतं नावापुरतं खरेदीखत करून दे, पैसे दिले की परत फिरवतो’. असं झालेल्या व्यवहारावर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन परत मिळवायची तरतूद याच कायद्यात आहे, पण ती ठरावीक मुदतीच्या आतल्या व्यवहारांनाच लागते आणि पुराव्याचं ओझं जड असतं. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. वडील हयात असताना त्याने अडीअडचणीला मदत केली असेल, मुद्दल त्याचं आहे, ते द्यावं, असं तुमच्या आईला वाटेल. जरूर द्या. पण व्याज आजपासून बंद, मुद्दल ठरवून हप्त्यांनी, आणि प्रत्येक हप्ता बँकेतून.

पतसंस्था

घर आणि जामीनदार दोन्ही इथे अडकलेत, म्हणून हिच्याशी अबोला परवडणार नाही. पतसंस्था ही बँक नाही, तिला बँकांसारखी सरफेसी कायद्याने थेट घराचा ताबा घेण्याची वाट नाही. ती उपनिबंधकांकडे कलम १०१ चा वसुली दाखला मागते. नोटीस येते, सुनावणी होते, दाखला मिळतो, मग वसुली अधिकारी जप्ती आणि लिलावाकडे जातो. लोकांची चूक सुनावणीला न जाण्याची. गैरहजेरीत पूर्ण रकमेचा दाखला निघतो आणि त्याला आव्हान द्यायचं तर वसुलीयोग्य रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. पतसंस्थेच्या लेटरहेडवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलं असेल तर रस्ता वेगळा, लवादाचा. तिथे नोटिशीला उत्तर द्यायचे दिवस मोजकेच असतात.

सुनावणीच्या आधी, खरं तर या आठवड्यात, लेखी अर्ज द्या: कर्जदार मयत झाल्याचं कळवा, पूर्ण खातेउतारा मागा, हप्ते लांबवून मागा. उताऱ्यात दंडव्याज कसं लावलंय, भागभांडवल किती जमा आहे, हे तपासा. अर्जासोबत एखादा हप्ता भरा, पूर्ण थकबाकी नाही. एक हप्ता भरलेल्या माणसाचा अर्ज संचालकांच्या बैठकीत वेगळा वाचला जातो. सामोपचार परतफेडीचं (तडजोडीने कमी रकमेत खातं मिटवण्याचं) बोलणं आत्ता काढू नका. त्याला एकरकमी पैसे लागतात आणि ते तुमच्याकडे विम्याचे दोन लाख आले तर येतील. चुलत्यांना मात्र आजच भेटा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि नोटीस त्यांच्या घरी तुमच्या आधी पोहोचली तर भाऊबंदकीचा नवा खर्च सुरू होतो.

कांदा

उन्हाळ कांदा चाळीत पहिले दोन महिने मुख्यतः सुकतो, श्रावणातल्या दमट हवेत सडतो, आणि पुढे कोंब येतात. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के घट धरून चाला. २८० क्विंटलचे ऑक्टोबरला ३५ टक्के घटीने १८२ उरतील. आजच्या हजाराने येणारे २,८०,००० तेव्हा मिळवायला १,५३८ चा भाव लागेल. हेच पैसे आज पतसंस्थेत जाणार असतील तर पाच महिन्यांचं १४ टक्क्यांचं व्याज धरून १,६३० च्या आसपास, आणि तीन रुपये शेकड्याचं कर्ज फिटणार असेल तर १,७७०. निवडीची मजुरी वेगळी. उलट जुलैअखेर १२ टक्के घट धरली तर १,१४० ला बरोबरी होते. पहिले दोन महिने ठेवणं स्वस्त, शेवटचे दोन फार महाग.

आणि त्या महागड्या महिन्यांतच सरकार उतरतं. २०२३ बघा: १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. त्याआधी २०१९ आणि २०२० च्या बंद्याही सप्टेंबरमधल्याच. शहरात भाव चढायला लागले की हात निर्यातीवर पडतो, कारण १९९८ ला दिल्लीचं सरकार कांद्याने गेल्याची आठवण कोणत्याच पक्षाची पुसलेली नाही. म्हणजे शेवटच्या महिन्यांत भाव पडला तर तोटा पूर्ण तुमचा, चढला तर वरचा भाग धोरणाने कापला जाण्याची शक्यता मोठी. ज्याच्यावर कर्ज नाही त्याने हा खेळ खेळावा. तुम्ही नाही.

तेव्हा गोल्टी (बारीक कांदा), जोड, डेंगळे (फुलोऱ्याचा दांडा आलेले) आणि मानेला ओला राहिलेला माल याच आठवड्यात बाहेर काढा. तो ठेवला तर शेजारचा चांगला कांदाही खराब करतो. चांगल्या मालाचा एक तृतीयांश जूनच्या आत, दुसरा जुलैअखेर, आणि तिसरा पोळ्याच्या आगेमागे. काजळी (काळी बुरशी) दिसली, वास आला तर तारखेची वाट न बघता चाळ निवडायला घ्या. लासलगाव, विंचूर, पिंपळगावचे त्या दिवसाचे भाव बघूनच ट्रॅक्टर भरा, पण ‘उद्या शंभर वाढतील’ म्हणून ठरलेला हिस्सा मागे ठेवू नका. पैसे रोख किंवा त्याच दिवशी खात्यावर, चेकवर माल नाही. खातं थकीत कर्ज नसलेल्या बँकेतलं द्या, नाहीतर आलेली रक्कम परस्पर वळती होण्याचा धोका असतो. किमान तीन आठवड्यांचा घरखर्च नेहमी रोख ठेवा: सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले ते जवळजवळ दोन आठवडे, आणि तेव्हा चाळ भरलेली असून घरात तेलाला पैसे नव्हते असे लोक होते.

प्रत्येक पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि सातबाऱ्यावर कांद्याची पीकनोंद आहे का ते बघा. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिलं, तेव्हा माल विकलेला खरा पण उताऱ्यावर कांदा नाही म्हणून कित्येक जण अडकले. ई-पीक पाहणी खरिपाला तरी स्वतः मोबाइलवरून करा.

पहिल्या तृतीयांशातून येतील ८०-९० हजार. त्यातले घरखर्च आणि लाल कांद्याच्या रोपाचे, खताचे पैसे बाजूला काढल्याशिवाय कोणालाही रुपया देऊ नका. खरीप उभा राहिला नाही तर पुढच्या वर्षी फेडायला काहीच नसेल. त्यानंतर पतसंस्थेचा एक हप्ता, मग सोसायटीची जुळवाजुळव. गावातल्या माणसाचा पहिला हप्ता दुसऱ्या तृतीयांशातून.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्री झोप लागत नाही आणि आईला यातलं काही माहीत नाही. आईला हे सगळं या आकड्यांसकट सांगा, बायको समोर असताना. त्या दोघी बहुधा तुम्ही समजता त्याहून जास्त जाणतात, आणि वडिलांचा कोणाशी काय व्यवहार होता हे आईलाच आठवेल. घरातली फवारणीची औषधं शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, किल्ली चुलत्यांकडे. मनात जिवाचं काही बरंवाईट येत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज आईच्या नावाने करा: स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

रोज दारात येणाऱ्याला एकच वाक्य, तेही चुलते शेजारी असताना: ‘वारस नोंद झाल्याशिवाय मला कशावरही सही करता येत नाही, जूनच्या शेवटी बसू.’ तो वडिलांचा कोरा स्टॅम्प पेपर दाखवेल. हातात घेऊ नका, फाडायचा प्रयत्न करू नका. त्यावरचा विक्रीचा क्रमांक आणि तारीख तेवढी वहीत उतरवून घ्या.